डोंगर रिकामा कसा ठरला

१९९६ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या नगरविकास खात्याने एक विशेष नियमावली काढली. खासगी कंपन्यांना सह्याद्रीत थंड हवेची नवी ठिकाणं वसवता यावीत, डोंगरात हॉटेलं, सुट्टीची घरं, अख्ख्या वसाहती बांधता याव्यात, यासाठी ती होती. पुढचा महिना भरायच्या आत, २४ डिसेंबरला, पेसा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल आणि गौण वनोपजाबद्दल बोलायचा अधिकार या कायद्याने दिला. एकाच हिवाळ्यातले हे दोन कागद. पहिला पुणे जिल्ह्यातल्या मोसे खोऱ्यापर्यंत पोचला. दुसरा तिथे पोचू शकत नव्हता, कारण पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नरच्या पट्ट्यात संपतं. मुळशी-वेल्ह्यातला कातकरी जातीच्या दाखल्यावर आदिवासी आहे, पण त्याची वाडी कायद्याच्या नकाशात आदिवासी क्षेत्रात येत नाही. रायगड आणि सातारा या जिल्ह्यांत तर अनुसूचित क्षेत्र मुळातच नाही. म्हणजे महाबळेश्वर, माथेरान आणि लवासा ही तिन्ही ठिकाणं त्या कायद्याच्या कुंपणाबाहेर पडतात.

मोसे खोऱ्यातल्या लवासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. बहुतेक लिखाण २००० सालापासून सुरू होतं आणि राजकारण्यांच्या नावांपाशी येऊन थांबतं. मला ते अपुरं वाटतं. डोंगर आधी कागदावर रिकामा करायचा आणि मग त्यावर हवापालटाचं गाव वसवायचं, ही पद्धत सह्याद्रीत जवळपास दोनशे वर्षं चालत आली आहे. दर खेपेला कागद बदलला, आणि प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचं काम पुढे नेलं. ती साखळी नीट लावून पाहिली पाहिजे.

सुरुवात महाबळेश्वरपासून. पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी १८२४ साली या पठारावर चढला, आणि त्याने महाबळेश्वरचा शोध लावला, असं आपल्या शाळेच्या सहलीत सांगितलं जातं. पंचगंगेचं देऊळ तिथे होतं, यात्रेकरूंची वाट होती, खाली जावळीचं खोरं होतं, जे १६५६ मध्ये मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांकडे आलं होतं. वस्ती होती, देवस्थान होतं, महसूल होता. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याला ही जागा आजारी युरोपियन सैनिकांसाठी आणि अधिकाऱ्यांच्या उन्हाळ्यासाठी हवी होती. १८२९ मध्ये त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला. डोंगरावरची जमीन कंपनी सरकारला मिळाली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा हे गाव मिळालं. पुण्याहून साताऱ्याला जाताना लागतं ते, लोणावळ्याचं नव्हे. वसाहतीला माल्कमचं नाव पडलं, माल्कम पेठ. करार राजाशी झाला. डोंगरावर राहणाऱ्या धनगरांना, कोळ्यांना, कुळवाड्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या गुरांची चराई आणि त्यांची शेती या अदलाबदलीत कुठे मोजलीच गेली नाही.

त्यांच्यातल्या धावडांची गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. धावड हे लोखंड गाळणारे लोक. डोंगरातला लोहदगड फोडायचा, कोळशाच्या भट्टीत वितळवायचा, त्याचे तवे, कुऱ्हाडी, कोयते करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. १८६० च्या दशकात सरकारने या भट्ट्या बंद केल्या. कारण दिलं जंगलतोडीचं. हे कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. लोखंड गाळायला कोळसा अफाट लागतो आणि तो झाडांतूनच येतो. पण त्याच डोंगरावर त्याच काळात गव्हर्नराच्या उन्हाळी मुक्कामासाठी रस्ते कोरले जात होते, बंगले उभे राहत होते, त्यांच्या स्वयंपाकघरांना आणि शेकोट्यांना सरपण लागत होतं. जंगल राखायचा पहिला भार पडला तो भट्टीवाल्यावर. उतारावर राब जाळून केली जाणारी कुमरी शेतीही अशीच आवळत गेली. डोंगर वाचवणं आणि डोंगरातला माणूस हटवणं ही दोन कामं तेव्हापासून एकाच हुकुमात लिहिली जाऊ लागली. आजवर ती पुरती वेगळी झालेली नाहीत.

माथेरानची कथा अशीच, पण तिथे एक चांगला पुरावा मागे राहिला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला असताना वर चढला. त्याला आवडलं, त्याने घर बांधलं, गव्हर्नर एल्फिन्स्टनने पुढे लक्ष घातलं आणि मुंबईकरांना जवळचं थंड ठिकाण मिळालं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली. मॅलेट ज्या वाटेने चढला ती वाट कोणीतरी आधी पाडलेली होती, हे उघड आहे. १८७१ साली जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. डोंगरावरची माणसं, झाडं आणि प्राणी असा त्याचा विषय शीर्षकातच दिलेला आहे. धनगर, ठाकर, कातकरी यांची नोंद त्या काळच्या लिखाणात आहे. म्हणजे राज्यकर्त्यांना ही माणसं दिसत होती. त्यांचं वर्णन होत होतं, त्यांच्या डोक्यावर ओझी दिली जात होती. जमिनीच्या नोंदीत मात्र त्यांना जागा नव्हती.

माथेरानला आज मोटार जात नाही. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. २००३ पासून तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. झाडं टिकली, लाल माती टिकली, आणि त्याचा आनंद मला मनापासून वाटतो. पण हा आनंद ज्यांच्या खांद्यावर तोलला आहे त्यांच्याकडेही बघायला हवं. हातरिक्षा ओढणारे ९४ परवानाधारक अनेक वर्षं माणसांनी माणसं ओढायचं काम करत राहिले. ई-रिक्षा मिळाव्यात म्हणून त्यांनाच कोर्टात जावं लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. आणि त्याच डोंगररांगेत, चौकच्या वरच्या अंगाला इर्शाळगडाखाली ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. मदतीला जाणारे लोक पावसात पायी चढून गेले, कारण तिथे गाडीचा रस्ता नव्हता. पर्यटकाला गाडी नको म्हणून नसलेला रस्ता आणि वाडीला कोणी दिलाच नाही म्हणून नसलेला रस्ता, हे एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत.

दुसरा मोठा कागद म्हणजे जंगल कायदा. १८६५ चा आणि त्याहून कडक असा १८७८ चा. थंड हवेच्या ठिकाणांभोवतीचे उतार राखीव जंगलात गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध इतका ओरडा झाला की १८८५ ते ८७ मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. कातकऱ्यांचा तर धंदाच खैराच्या झाडातून कात काढण्याचा. खैर सरकारी झाला आणि कातकरी आधी कोळसा भट्टीवर आणि पुढे वीटभट्टीवर गेला. आज राज्यात विशेष असुरक्षित गणल्या जाणाऱ्या तीन आदिवासी जमाती आहेत. कातकरी त्यांतली एक. तिची ही अवस्था दारिद्र्याने आपोआप आलेली नाही. तिला तारखा आहेत.

याच काळात कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, डोंगरांत दळीची पद्धत कागदावर आली. दळी म्हणजे डोंगरउतारावरचा शेतीचा तुकडा. तिथे नांगर चालत नाही. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाचोळा आणि गवत यांचा थर पसरायचा, पाऊस तोंडावर आला की राब भाजायचा. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग तुकडा काही वर्षं सोडून द्यायचा आणि पुढे सरकायचं. सोडलेल्या जागी कारवी वाढते, गवत येतं, झाडाच्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात. ही शेती पूर्ण थांबवली तर माणसं उपाशी मरतील, हे सरकारला कळलं होतं. म्हणून वनखात्याच्या जमिनीवर दळीचे पट्टे दिले गेले, अनेकदा वाडीच्या म्होरक्याच्या नावावर, मोजणी न करता. स्वातंत्र्यानंतर पट्टा कुठला, नंबर कुठला, हद्द कुठली असे प्रश्न आले तेव्हा ठाकर-कातकऱ्यांकडे दाखवायला फार थोडं होतं. सर्वहारा जन आंदोलनाने उल्का महाजन यांच्या नेतृत्वाखाली रायगडात दळीधारकांचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. राज्यात वनहक्काची जी समज आज आहे, तिच्यामागे अशा लढ्यांची मोठी शिदोरी आहे.

सातबारा ज्यांनी कधी बारकाईने वाचला आहे त्यांना ही मेख लगेच कळेल. डोंगरगावातला सातबारा उघडा. वर भूधारकाचं नाव, खाली लागवडीचं क्षेत्र, त्याखाली पोटखराब. उतार, खडक, ओढा, कारवीचं रान हे सगळं पोटखराबात जातं. ज्या रानातून वाडी वर्षभर खाते, म्हणजे कंद, करवंदं, हिरडा, मध, खेकडे, सरपण, ते सरकारच्या लेखी नापीक. उजवीकडे इतर हक्कांचा रकाना असतो. पायवाटेचा, पाणवठ्याचा, कुळाचा, वहिवाटीचा हक्क तिथे नोंदवायला हवा. बहुतेक वाड्यांच्या बाबतीत हा रकाना कोरा असतो, किंवा त्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. असा सातबारा घेऊन एजंट मुंबईतल्या गिऱ्हाइकाकडे जातो तेव्हा तो खोटं बोलत नाही. कागदावर जमीन खरोखरच मोकळी आहे.

मुळशीबद्दल थोडक्यात. १९२१ मध्ये रामनवमीला सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह धरणाविरुद्धचा होता, सुट्टीच्या घरांविरुद्धचा नव्हता. टाटांच्या वीज कंपनीसाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला, सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळे हरले, गावं पाण्याखाली गेली. पण पुढच्या काळात त्या पाण्याच्या काठाला वेगळाच भाव आला. खिडकीतून पाणी दिसणारं घर ही शहरातल्या पैसेवाल्याची हौस ठरली, आणि जिथे जिथे धरणाने गावं उठवली तिथे तिथे ती हौस पुरवायला काठ तयार होता. वरसगाव धरणाच्या बाबतीत हेच झालं. मोसे नदीवरचा तो जलाशय वीर बाजी पासलकरांच्या नावाचा. पासलकर हे मोसे खोऱ्याचेच देशमुख. धरणाने खोऱ्यातली सपाट भातखाचरं घेतली. माणसं उतारावर सरकली. मग १९९६ ची नियमावली आली आणि उतारालाच किंमत आली.

लेक सिटी कॉर्पोरेशन ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली, नंतर तिचं नाव लवासा पडलं. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं हिल स्टेशनसाठी अधिसूचित झाली. दासवे, मुगाव, धामणओहोळ, गडले ही त्यांतली काही. इटलीतल्या पोर्टोफिनो बंदराच्या धर्तीवर दासव्यात रंगीत इमारती उभ्या राहिल्या. या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट २००८ ची आहे: राज्य सरकारने त्या क्षेत्रासाठी कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. बांधणारा तोच, परवानगी देणारा तोच. ग्रामपंचायती होत्या, त्यांचे सरपंच होते, पण आपल्या शिवारात काय उभं राहणार हे त्यांच्या हातातून गेलं. १८२९ मध्ये निदान समोर एक राजा होता आणि बदल्यात एक गाव दिलं गेलं होतं.

जमीन कशी घेतली गेली याबद्दल स्थानिक शेतकऱ्यांनी आणि जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने तक्रारी केल्या. कातकऱ्यांच्या जमिनी, सीलिंगमधून भूमिहीनांना वाटलेल्या जमिनी, माहीत नसलेली खरेदीखतं, मुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार असा त्या तक्रारींचा मजकूर होता. कंपनीने आरोप नाकारले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, जयराम रमेश मंत्री असताना, २५ नोव्हेंबर २०१० रोजी काम थांबवण्याची नोटीस दिली. प्रकल्प एक हजार मीटरच्या खाली आहे, त्यामुळे केंद्राची परवानगी लागत नव्हती, हा कंपनीचा युक्तिवाद. जेमतेम वर्षभरात, ९ नोव्हेंबर २०११ ला, पहिल्या टप्प्याला अटी घालून परवानगी मिळाली. हे भांडण राज्यभर गाजलं, पण ते गाजलं पर्यावरणाच्या परवानगीवरून. समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराचा अंश, डोंगरकटाई, सांडपाणी यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. कातकऱ्याची जमीन त्या चर्चेत पुरवणी मुद्दा होऊन राहिली. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ स्पष्ट सांगतं, आणि ते अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. तो धागा शेवटपर्यंत ताणला असता तर प्रकरणाला वेगळं वळण लागलं असतं, असं माझं मत आहे. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राजकीय प्रभावाबद्दल ताशेरे ओढले, पण जनहित याचिका फार उशिरा आली, आता बांधलेलं पाडता येणार नाही, असं म्हटलं. उशीर झाला खरा. मोसे खोऱ्यातल्या माणसाला कोर्टापर्यंत पोचायला लागलेला वेळ मात्र कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे त्या निकालातून कळत नाही.

लवासा डोळ्यांत भरतं म्हणून त्याची चर्चा होते. त्याच वेळी कर्जत, खालापूर, सुधागड, मुळशी, मावळ या पट्ट्यात शेकडो लहान फार्महाऊसं आणि रिसॉर्टं शांतपणे तेच काम करत आली. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या शेतावर राबायचं आणि त्याच्याच माळावर झोपडी बांधायची, अशी ती व्यवस्था. माळाला भाव नव्हता तोवर कोणाची हरकत नव्हती. भाव आला आणि मालकाच्या मुलाने जमीन विकली. नव्या मालकाने आधी तारेचं कुंपण घातलं, मग फाटक बसवलं. नदीवरची वाट बंद झाली, स्मशानाकडची वाट बंद झाली. पुढे घरांवर नोटीस आली. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम-जनमन योजना आणली, कातकऱ्यांना पक्की घरं मंजूर होऊ लागली, तेव्हा ही गाठ आणखी घट्ट बसली: घर मंजूर आहे, पण घराखालची जागा घरवाल्याची नाही. वाडी जिथे आहे तिथे गावठाण जाहीर करा, ही मागणी जुनी आहे आणि ती अगदी साधी आहे. सह्याद्रीतल्या जमिनीच्या सगळ्या धोरणांत मला ती सर्वांत आधी मान्य करण्यासारखी वाटते.

विदर्भात याच साखळीचं दुसरं टोक दिसतं. चिखलदऱ्याला इंग्रज १८२३ मध्ये पोचले. भोवती कोरकूंचा मुलूख. मेळघाटचं जंगल राखीव झालं, १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि गाभ्यातली कोरकू गावं एकामागून एक बाहेर काढली गेली. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची. वाघासाठी माणसाने हटावं, हे त्यांना सांगितलं गेलं आणि अनेकांनी ते ऐकलं. तिकडे चिखलदऱ्यात सिडकोने दरीवरून काचेच्या स्कायवॉकचं काम काढलं. ज्या जंगलात कोरकूचं भाताचं खाचर अडचणीचं ठरलं, त्याच जंगलाच्या कडेला दरीवर लोखंडी दोर ताणून पर्यटकांना उभं करायचं आहे. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांचे, हे मला मान्य आहे. कोरकूच्या दृष्टीने सरकार एकच असतं.

पण मेळघाटच्या पायथ्याशीच पायविहीर आहे, आणि ते गाव मला या सगळ्या हकिकतीत फार मोलाचं वाटतं. उजाड झालेल्या वनजमिनीवर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने चराई आवरली, कुऱ्हाड आवरली, माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली. सीताफळाचं रान पुन्हा उभं राहिलं आणि ग्रामसभा सीताफळं शहरात नेऊन विकू लागली. २०१४ मध्ये गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा जो रस्ता दाखवला तोच हा. जंगल राखायला माणूस हटवावाच लागतो, या १८६० च्या दशकापासूनच्या समजुतीला पायविहीरच्या उतारांनी उत्तर दिलेलं आहे.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटात नवी हिल स्टेशनं नकोत असं स्पष्ट लिहिलं, आणि कुठे काय व्हावं हे ग्रामसभेपासून ठरवत वर यावं असंही लिहिलं. पहिल्या शिफारशीची बातमी झाली. दुसरी मागे पडली. अहवाल लोकांसमोर यायलाच २०१२ चा मे उजाडला, तोही कोर्टाच्या दट्ट्याने. त्यानंतरच्या समितीने संवेदनशील क्षेत्र बरंच आकसलं.

आणि आता नवं महाबळेश्वर हे नियोजित थंड हवेचं ठिकाण. राज्य रस्ते विकास महामंडळाला सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आलं. पुढे आणखी गावं जोडून आकडा ५२९ वर गेला. हा सगळा कोयना, सोळशी, कांदाटीचा मुलूख. इथल्या माणसांचा इतिहास सलग वाचला की दम लागतो. कोयना धरणाने खालची गावं उठवली. जी वर सरकून राहिली ती १९८५ मध्ये कोयना अभयारण्यात सापडली. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुन्हा स्थलांतराच्या याद्या निघाल्या. कोयना धरणाच्या ज्या शिवसागर जलाशयात त्यांची खाचरं बुडाली, त्याच्या काठावर आज मुनावळ्याला वेगवान बोटींचं जलपर्यटन सुरू आहे. रोजगार मिळेल म्हणून अनेक तरुणांना नवा प्रकल्प हवासाही वाटतो; मुंबईत माथाडी काम करून थकलेल्या माणसाला गावात कमाई हवी असेल तर त्यात चूक काय? चूक आहे ती क्रमात. आराखडा आधी, हक्क नंतर, असा क्रम लागला की हक्कांची पाळी येतच नाही. शिवाय सरकारने २०२५ मध्ये आदिवासींची जमीन खासगी पक्षाला थेट भाडेपट्ट्याने देता यावी असा विचार बोलून दाखवला आहे. कलम ३६अ चं कुंपण तेवढं खाली आलं, तर विकत घेण्याचीही गरज उरणार नाही.

क्रम उलटा लावायचा मार्ग कायद्यात आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राच्या आत-बाहेर असा भेद करत नाही. मुळशीच्या कातकऱ्याला, रायगडच्या ठाकराला, जावळीच्या गवळी धनगराला तो सारखाच लागू आहे. दावे तपासून पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही, हे त्याच्या चौथ्या कलमात आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात प्रस्तावित खाणीबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं ते याच कायद्याच्या आधारावर, आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. अडचण पुराव्याची सांगितली जाते. धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना इतर पारंपरिक वननिवासी या नात्याने ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. घराचा उतारा नाही, दळीची मोजणी नाही, मग दाखवणार काय?

याचं उत्तर कायद्याच्या नियमांतच आहे. तेराव्या नियमात ग्राह्य पुराव्यांची यादी आहे, आणि तिच्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, जुने नकाशे यांची नावं आहेत. वृद्धांचे जबाब, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हेसुद्धा आहे. म्हणजे साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटियर, ठाण्याचं आणि कुलाब्याचं गॅझेटियर, फॉरेस्ट कमिशनचे कागद, स्मिथ यांचं माथेरानवरचं पुस्तक, हे सगळं त्या डोंगरात धनगर, ठाकर, कातकरी, कोळी राहत होते याची लेखी साक्ष देतं. ज्या राज्यकर्त्यांनी डोंगर मोकळा धरून घेतला, त्यांनीच लिहून ठेवलं आहे की तो मोकळा नव्हता. शिवाय वनखात्याचे आणि महसूलचे नकाशे ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. गावकऱ्यांनी हेलपाटे घालून ते मिळवायचे नाहीत. मराठीत इतिहासाचे अभ्यासक आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं आहेत. गॅझेटियरमधली पानं गाववार काढून, मराठीत आणून ग्रामसभांच्या हाती देणं हे एका उन्हाळ्याचं काम आहे. नव्या महाबळेश्वरच्या ५२९ गावांत ते आराखड्यावर शेवटची सही होण्याच्या आधी व्हायला हवं.